खांद्यावर फुटलेली गोळी: व्हाईट-टेल हरणाच्या शिकारीतलं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं आहे. तिथे नोव्हेंबरमध्ये नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम असतो आणि परवाना घेऊन व्हाईट-टेल हरणाची शिकार करता येते. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. नाव आणि गाव त्यांच्या इच्छेवरून गाळलं आहे. हरीण सोलताना मी त्यांच्यासोबत होतो आणि पुढच्या वर्षभरातल्या चर्चेतही होतो.

पार्श्वभूमी

काकांकडे .२७० विंचेस्टर काडतुसाची बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खिट्टी ओढायची) रायफल आहे. हे काडतूस १९२५ साली आलं आणि हरणासाठी ते आजही उत्तम मानलं जातं. काका कारखान्यातून भरून आलेली काडतुसं वापरत. त्यातली गोळी १३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ८.४ ग्रॅमची. शिशाचा गाभा, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ आवरण आणि पुढे प्लॅस्टिकचं टोक. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला ३०६० फूट, असं खोक्यावर छापलेलं होतं.

ही गोळी त्यांनी निवडली ती अचूकतेसाठी. शंभर यार्डांवर (सुमारे ९१ मीटरवर) तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे छिद्रांमधलं सर्वांत लांब अंतर, पाऊण इंचाच्या आसपास पडायचा आणि तो कागद ते अभिमानाने दाखवायचे. पाच हंगामांत त्यांनी या गोळीने सहा हरणं मारली होती. सहाही हरणं गोळी लागली तिथेच किंवा दहावीस पावलांत पडली.

या सहा हरणांबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी आम्ही तेव्हा लक्षात घेतली नाही. काकांचं मचाण कापणी झालेल्या मक्याच्या शेताच्या कडेला होतं. सहाच्या सहा हरणं शंभर यार्डांपलीकडे, शेतात आडवी उभी असताना मारलेली होती, आणि प्रत्येक वेळी गोळी खांद्यामागे बरगड्यांमधून आत गेली होती. म्हणजे गोळीची परीक्षा सहा वेळा झाली, पण प्रश्न दर वेळी एकच होता.

काय घडलं

त्या वर्षी शेतमालकाने मका उशिरा काढायचं ठरवलं. काका जंगलाच्या आत, ओढ्याजवळच्या मचाणावर बसले. तिथे नजर फार तर साठ यार्डांपर्यंत पोचते. दुपारी चारच्या सुमारास एक मोठा नर ओढा ओलांडून वर आला आणि पस्तीस यार्डांवर थांबला. तो आडवा नव्हता. छाती काकांच्या बाजूला, पार्श्वभाग पलीकडे, असा तिरका उभा होता. वारा फिरायला लागला होता. दोन सेकंदांत तो निघून जाईल असं काकांना वाटलं. त्यांनी जवळच्या खांद्याच्या सांध्यावर नेम धरला आणि गोळी झाडली.

हरीण कोसळलं, उठलं आणि तीन पायांवर झुडपात शिरलं.

काका दहा मिनिटं थांबून खाली उतरले. गोळी लागली त्या जागी केस, हाडाच्या चिपा आणि लालभडक रक्ताचा सडा होता. इतकं रक्त पाहून त्यांना वाटलं की हरीण पुढेच पडलेलं असणार. पण पन्नास पावलांनंतर माग थेंबांवर आला. शंभर-सव्वाशे यार्डांवर ते हरीण बसलेलं होतं. काकांची चाहूल लागताच ते उठलं आणि उतारावरून शेजारच्या माणसाच्या जमिनीत गेलं. झाडांच्या आड दुसरी गोळी झाडायला जागा मिळाली नाही.

सूर्य मावळत होता. विस्कॉन्सिनमध्ये सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी गोळी झाडायची वेळ संपते, आणि दुसऱ्याच्या जमिनीत जखमी जनावराचा माग काढायचा तरी मालकाची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत सहा वाजले. काकांनी मला फोन केला. रात्री पुन्हा मागे लागलो तर हरीण आणखी लांब जाईल, म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. त्या रात्री पारा उणे आठ अंशांवर गेला. सकाळी साडेसातला ते आम्हाला ओढ्याच्या काठी मेलेलं सापडलं. पहिल्या जागेपासून ते सरळ रेषेत चारशे पावलांवर होतं. खाली दाबलेला बर्फ आणि त्याने बदललेल्या तीन बसायच्या जागा पाहिल्यावर त्याची रात्र कशी गेली असेल ते कळत होतं. काका कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.

सोलताना काय दिसलं

थंडीमुळे मांस बऱ्यापैकी वाचलं, जवळचा पुढचा पाय मात्र टाकून द्यावा लागला. जखम तळहाताएवढी रुंद होती, पण खोल नव्हती. गोळीने सांध्याचा चुरा केला होता आणि त्या नादात स्वतःचाही चुरा करून घेतला होता. तिचं आवरण चपटं, रिकामं होऊन खांद्याच्या मांसातच अडकलेलं सापडलं. आम्हाला मिळालेला सर्वांत मोठा तुकडा ३१ ग्रेनचा भरला, म्हणजे मूळ वजनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडा कमी. शिशाचे काही कण आणि हाडाच्या चिपा छातीत शिरून जवळच्या फुप्फुसाची कड फाटली होती. पलीकडचं फुप्फुस शाबूत होतं. गोळी पलीकडून बाहेर पडलीच नव्हती, त्यामुळे रक्त सांडायला दुसरं छिद्र नव्हतं आणि माग पन्नास पावलांत आटला.

प्रश्न नेमका कुठे होता

काकांचा पहिला निष्कर्ष होता, "गोळी हलकी पडली. आता दीडशे ग्रेनची घेतो." शिकाऱ्यांच्या गप्पांमध्ये हेच उत्तर नेहमी ऐकू येतं. मी त्यांना आकडे मांडून दाखवले.

१३० ग्रेनची गोळी सेकंदाला ३०६० फुटांनी निघते आणि तिची ऊर्जा सुमारे ३६६५ ज्यूल भरते. त्याच काडतुसात १५० ग्रेनची गोळी साधारण २८५० फुटांनी निघते, आणि तिची ऊर्जा सुमारे ३६७० ज्यूल. हा फरक नसल्यासारखाच आहे. दारूची मात्रा आणि नळीतला दाब यांना मर्यादा असते, त्यामुळे वजन वाढलं की वेग उतरतो. ऊर्जा कमी पडली म्हणून हरीण पळालं, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. सगळी ऊर्जा हरणातच खर्च झाली होती, फक्त ती पहिल्या चार इंचांत खर्च झाली.

वजनाचा उपयोग होतो तो आत घुसण्यासाठी. एकाच जाडीची गोळी जड असली की ती लांब असते आणि तिच्या टोकाच्या प्रत्येक चौरस इंचामागे जास्त वस्तुमान असतं. याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .२७० मध्ये १३० ग्रेनसाठी ती ०.२४२ आणि १५० ग्रेनसाठी ०.२७९ येते. पण गोळीने आपला आकार आणि वजन टिकवलं, तरच हा आकडा खरा राहतो. ३१ ग्रेनचा चपटा तुकडा झाल्यावर खोक्यावरच्या सेक्शनल डेन्सिटीला काही अर्थ उरत नाही.

आणि गोळी फुटली का, तर वेगामुळे. पस्तीस यार्डांवर ती अजून सेकंदाला सुमारे २९८० फुटांनी जात होती. दोनशे यार्डांवर तीच गोळी २६४० च्या आसपास येते. पातळ आवरणाची गोळी लांबवर हळू झाल्यावरही फुलावी (तिचं टोक छत्रीसारखं पसरावं), म्हणून मुद्दाम मऊ केलेली असते. तीच गोळी जवळून, पूर्ण वेगात, जाड हाडावर आदळली की फुलण्याऐवजी फुटते. जवळ म्हणजे सोपं, हा शिकाऱ्याचा अंदाज नेमाच्या बाबतीत बरोबर आहे. गोळीच्या बाबतीत मात्र सगळ्यात कठीण परीक्षा जवळच होते.

हा अनुभव नवा नाही. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांनी एका मूसवर (प्रचंड आकाराच्या हरणावर) जवळून गोळ्या झाडल्या, आणि त्या वरच्यावर फुटून गेल्या. त्यातूनच त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली. पुढचा गाभा फुलतो, झडतो, आणि भिंतीमागचा अर्धा भाग शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८ पासून ती विकली जाते. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना जरा हायसं वाटलं. त्यांच्याकडून झालेली चूक त्यांच्याआधी मोठमोठ्यांनी केली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता काकांचाच, त्याच बनावटीची १५० ग्रेनची गोळी. तो अगदीच टाकाऊ नव्हता. वेग दोनशे फुटांनी कमी, गाभा लांब, म्हणून झडून झडूनही मागे थोडं जास्त उरतं. मऊ बनावटीत वजन म्हणजे एक प्रकारचा विमा असतो. पण खांद्याच्या सांध्यावर पुन्हा तेच होणार नाही, अशी खात्री मला देता येईना.

दुसरा, बॉंडेड गोळी. हिच्यात शिसं आणि आवरण एकमेकांना पक्कं जोडलेलं असतं, त्यामुळे गाभा आवरणातून निसटत नाही. हाडावर आदळूनही ती वजनाचा मोठा भाग राखते. ती मऊ गोळीसारखी फुलते आणि कणखर गोळीसारखी घुसते. प्रश्न फक्त घुसण्याचा असता तर मी इथेच थांबलो असतो. .२७० मध्ये १४० ग्रेनच्या आसपासची बॉंडेड गोळी जंगलालाही चालते आणि शेतालाही.

तिसरा, पूर्ण तांब्याची गोळी. तिच्यात शिसं नसतं. टोकाला पोकळी असते, आदळल्यावर तिच्या पाकळ्या उलगडतात आणि बाकीचं अंग अखंड राहतं. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर राहायला नळीतल्या आट्यांचा (गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ जास्त लागतो. .२७० मध्ये सहसा दहा इंचांत एक फेरा असतो आणि १३० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला तेवढा पुरतो. दुसरी अडचण वेगाची. तांबं कठीण असल्याने फार हळू झालेली गोळी उलगडत नाही, आणि ही खालची मर्यादा शिशाच्या गोळीपेक्षा सहसा वर असते. काका दोनशे यार्डांपलीकडे गोळी झाडत नाहीत, त्यामुळे ही मर्यादा त्यांच्या वाटेत येत नव्हती.

चौथा, मोठं काडतूस. एका मित्राने .३०० मॅग्नम सुचवलं. मी याला ठाम विरोध केला. काकांचा खांदा साठीचा आहे. धक्का वाढला की माणूस घोडा दाबताना दचकतो, आणि दचकलेल्या हाताची चूक कुठलीही गोळी भरून काढत नाही. शिवाय मऊ गोळी आणखी वेगाने फेकली तर ती आणखी लवकर फुटेल.

पाचवा पर्याय काकूंनी सुचवला. त्या स्वतः शिकार करत नाहीत. "गोळी तीच ठेवा, पण हरीण आडवं होईपर्यंत थांबा." या सल्ल्यात काहीच चूक नव्हती. काकांनी तो मानला, पण एकटा पुरेसा मानला नाही. आडव्या हरणावर धरलेला नेमही चार इंच पुढे सरकला की तोच सांधा लागतो.

निर्णय आणि तयारी

पारडं तांब्याकडे झुकलं ते मांसामुळे. काकांच्या घरी हे मांस वर्षभर पुरतं आणि नातवंडंही खातात. मऊ शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांब मांसात जातात. ते क्ष-किरणात दिसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात अन्नदान केंद्रांना, दान आलेलं हरणाचं मांस वाटू नका, असं याच कारणाने सांगण्यात आलं होतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. तिथे मुख्य काळजी काँडर गिधाडांची होती, कारण शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन ती मरत. विस्कॉन्सिनमध्ये अशी सक्ती नाही. पण त्या खांद्यात विखुरलेले करडे कण स्वतःच्या बोटांनी वेचल्यावर काकांना सक्तीची गरज राहिली नाही.

वसंतात त्यांनी दोन कारखान्यांची १३० ग्रेनची तांब्याची काडतुसं आणली. आधी नळी तांब्याच्या मळासकट नीट साफ केली. हे टाळलं तर नवी गोळी सुरुवातीला भरकटते आणि दोष भलत्यालाच लागतो. पहिल्या काडतुसाचा ग्रुप शंभर यार्डांवर अडीच इंचांचा पडला, दुसऱ्याचा सव्वा इंचाचा. नेमही जुन्यापेक्षा दोन इंच खाली आला, म्हणून दुर्बीण पुन्हा जुळवावी लागली.

इथे काका अडले. पाऊण इंचाची सवय झालेल्या माणसाला सव्वा इंच म्हणजे उतरणच वाटते. मी त्यांना आठ इंचांची कागदी थाळी दाखवली. हरणाचं मर्मस्थान, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं मिळून, साधारण तेवढं असतं. दोनशे यार्डांवरही सव्वा इंचाचा ग्रुप अडीच इंच होतो आणि थाळीत आरामात बसतो. पाच वर्षं ज्या अर्ध्या इंचाच्या फरकावर गोळी निवडली, तो फरक हरणाला कधी कळलाच नव्हता. मग उन्हाळाभर त्यांनी टेबलावरून झाडणं बंद केलं आणि मचाणावर बसतात तसं बसून, गुडघ्यावर हात टेकून सराव केला. माझ्या मते वर्षभरातलं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं.

पुढचा हंगाम

पहिल्या सकाळी सत्तर यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. काकांनी सवयीप्रमाणे खांद्यामागे, बरगड्यांवर नेम धरला. गोळी आरपार गेली. मादी ऐंशी यार्ड धावली. काकांचा चेहरा उतरला, कारण जुन्या गोळीने या जागी हरणं जागेवर पडत. पण या वेळी दोन छिद्रं होती आणि माग रंगाने ओढलेल्या रेघेसारखा होता. अर्धा तास थांबून ती पाच मिनिटांत सापडली. दोन्ही फुप्फुसं भेदलेली होती.

कणखर गोळीची ही दुसरी बाजू आहे आणि ती विकणारे फारशी सांगत नाहीत. नुसत्या बरगड्यांमधून गेली तर तिची जखम मऊ गोळीपेक्षा अरुंद असते आणि हरीण थोडं जास्त धावतं. म्हणून अशा गोळीचा नेम जरा पुढे, खांद्याच्या खालच्या तिसऱ्या भागावर धरावा. तिथे हाड लागलं तरी ती थांबत नाही.

चौथ्या दिवशी ओढ्याजवळच्या त्याच मचाणावरून, पंचेचाळीस यार्डांवर, एक नर तिरका उभा होता. या वेळी काका थांबले. हरीण अर्धं वळलं, जवळजवळ आडवं झालं, तेव्हा त्यांनी घोडा दाबला. गोळीने जवळचा खांदा मोडला, दोन्ही फुप्फुसं पार केली आणि पलीकडच्या कातडीखाली थांबली. हरीण वीस पावलांत पडलं. काढलेल्या गोळीच्या चारही पाकळ्या शाबूत होत्या आणि वजन १२६ ग्रेन भरलं. जवळच्या पायाचं मांसही बरंचसं वाचलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वर्षी सगळ्यात मोठी चूक गोळी झाडल्यानंतर झाली, असं मला आजही वाटतं. हाडाच्या चिपा आणि लालभडक रक्त दिसलं की जखम खांद्याची असू शकते, आणि ती वरवरची असण्याची शक्यता धरूनच चालावं. काका दहा मिनिटांऐवजी तासभर थांबले असते तर हरीण पहिल्या बसायच्या जागेवरून कदाचित उठलंच नसतं. अंधार आणि परवानगी यांची घाई त्यांच्या डोक्यात होती. त्यावर उपाय होता शेजाऱ्याची परवानगी हंगामाआधीच घेऊन ठेवण्याचा. आता ते ऑक्टोबरमध्येच भेटून येतात.

गोळी झाडायची की नाही, हा काकांचा स्वतःचा हिशेब होता. ते म्हणतात, "वारा फिरला म्हणून मी घाई केली. हरीण गेलं असतं तर गेलं असतं." मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांचं म्हणणं खोडूनही काढत नाही.

गोळीच्या बाबतीत माझीही चूक आहे. मचाण बदललं त्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत होतो. शेतातून जंगलात जाताना अंतर दीडशे यार्डांवरून चाळिसावर येणार, हे मला माहीत होतं. तरी गोळी कुठली आहे हे मी विचारलं नाही.

सध्या घरात दुसरी रायफल चर्चेत आहे. काकांचा पुतण्या यंदा पहिल्यांदा .२४३ घेऊन येतोय. या काडतुसात गोळी आधीच हलकी, ८० ते १०० ग्रेनच्या घरातली, आणि बाजारात याच मापाच्या कितीतरी हलक्या गोळ्या कोयोटीसारख्या छोट्या जनावरांसाठी मुद्दाम फुटतील अशा बनवलेल्या असतात. पुतण्याने आणलेला खोका ५५ ग्रेनचा होता. काकांनी तो बाजूला ठेवला, त्या रात्रीचं ३१ ग्रेनचं चपटं आवरण त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे आधी बघ, मग आपण दुकानात जाऊ."